आईचा आवाज, लेकरांचा ठेवा



आजचा पाठ घरातल्या गाण्याचा.

गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांनी लेक किशोरी आमोणकर यांना स्वतः गाणं शिकवलं. पती लवकर वारले, तीन लेकरं सांभाळायची होती, तरी गाणं सुटलं नाही. आई मैफलीत गायची, लेक मागे तानपुऱ्यावर बसायची. शिकवताना स्थायी-अंतरा दोनदाच म्हणायच्या, तिसऱ्यांदा नाही. म्हणजे मन लावून ऐकणं हाच पहिला धडा. पुढे किशोरीताईंना १९८७ ला पद्मभूषण, २००२ ला पद्मविभूषण मिळालं.

आपण काही गायिका नाही. पण तामसीतली बरीच मुलं शाळेत तेलुगू, इंग्रजीतून शिकतात. मराठी घरातच कानावर पडते. माझी आई भाकरी थापताना अभंग म्हणायची. आजही पीठ मळायला बसले की तोच ओठांवर येतो. मी मात्र मुलं लहान असताना टीव्ही लावून दिला. आता ती हैदराबादला आहेत, एकही अभंग पाठ नाही. चूक माझीच. म्हणून रोज संध्याकाळी फोनवर नातीला एक कडवं म्हणून दाखवते. परवा तिनं पुढची ओळ आपणहून म्हटली!

आजची साधना: दिवा लावताना मोबाईल बाजूला ठेवा, एक अभंग मोठ्यानं म्हणा. सूर चुकला तरी चालेल, लेकरं ऐकतात.