मॉडेल तेच, माल वेगळा

आमच्या वाचनालयातले जुने कॉम्प्युटर लिनक्सवर चालतात. त्यांना वायफाय मिळावं म्हणून यूएसबी ॲडॅप्टर घेतले. पहिल्या खेपेचे लावल्याबरोबर चालू झाले. वर्षभराने त्याच कंपनीचे, त्याच मॉडेलचे आणखी मागवले, तर ते काही केल्या नेटवर्क पकडेनात. दुकानदाराने बिलावर बोट ठेवलं: मॉडेल तेच आहे, परत घेणार नाही. दोन्ही ॲडॅप्टर उलटे करून शेजारी ठेवले, भिंग घेतलं, तेव्हा उलगडा झाला. सीरियल नंबरजवळ बारीक अक्षरांत एकावर व्हर्जन १, दुसऱ्यावर व्हर्जन २. आतली चिपच दुसऱ्या कंपनीची होती आणि आमच्या लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर नव्हता.

चिपचं उत्पादन बंद पडतं, स्वस्त चिप मिळते, म्हणून आतला माल बदलतो. नाव मात्र तेच राहतं, कारण चांगले रिव्ह्यू त्या नावावर जमलेले असतात. तपशील पूर्वसूचनेशिवाय बदलू शकतात, एवढं माहितीपत्रकाच्या तळाशी छापलं की काम झालं, हे मला मान्य नाही. पैसे देणाऱ्याला बदल खोक्यावर ठळक दिसला पाहिजे.

मोठी नावंही याला अपवाद नाहीत. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या गाजलेल्या राउटरची रॅम २००५ साली पाचव्या व्हर्जनमध्ये १६ एमबीवरून ८ वर आली, फ्लॅश मेमरी ४ वरून २ वर. त्यावर चालणारं लिनक्सही गेलं. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या ४ टीबी डिस्कचं प्रकरण जास्त गंभीर. एकीचा नंबर डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स, दुसरीचा डब्ल्यूडी४०ईएफएएक्स. फरक एका अक्षराचा, पण दुसरीत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले, त्यामुळे एक ट्रॅक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. नॅसमधली, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक साठवण यंत्रातली, बिघडलेली डिस्क काढून ही बसवली की डेटा भरताना ती इतकी रेंगाळायची, की काही ठिकाणी सिस्टीमने तिलाच नादुरुस्त ठरवलं. कंपनीने हे जाहीरपणे सांगितलं ते एप्रिल २०२० मध्ये, लोकांनी स्वतः शोधून काढल्यावर.

नवी रिव्हिजन वाईटच असते असं मात्र धरून चालू नका. २०११ च्या जानेवारीत इंटेलला ६ सिरीज चिपसेटच्या साटा पोर्टमध्ये दोष सापडला. दुरुस्त चिपसेट ‘बी३’ म्हणून आला, आणि तेव्हा मदरबोर्ड घेताना बी३ मागून घेण्यातच शहाणपण होतं.

तेव्हा नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. राउटरचं व्हर्जन तळाच्या लेबलवर असतं, मदरबोर्डची रिव्हिजन बहुधा बोर्डाच्याच एका कोपऱ्यात छापलेली असते. वस्तू बसवण्याआधी लेबलचा फोटो काढून ठेवा. राउटर भिंतीवर आणि बोर्ड कॅबिनेटमध्ये गेला की ते वाचणं जिकिरीचं होतं. फर्मवेअर किंवा बायोस डाउनलोड करताना आपलीच रिव्हिजन निवडा, चुकीची फाइल चढवली तर वस्तू कायमची बंद पडू शकते. लेबल संशयास्पद वाटलं तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर आयडी बघा, आत कोणती चिप आहे ते त्यावरून शोधता येतं.

शाळा, पतसंस्था, दवाखान्यांसाठी खरेदी करणाऱ्यांनी लागणारे सगळे नग एकाच खेपेत घ्यावेत, एखादा जादाही घ्यावा. कोटेशनमध्ये आणि बिलावर पूर्ण पार्ट नंबर व रिव्हिजन लिहून घ्या. दुकानदार नुसतं मॉडेलचं नाव टाकून बिल देत असेल, तर पैसे देण्याआधीच ते बदलून मागा.