स्वसंरक्षण कुठवर? एक अभ्यासपाठ

वाचनासाठी: निर्गम 22:2-3, 1 शमुवेल 19:9-12, 1 शमुवेल 26:5-12



पेठ तालुक्यातील एका पाड्यावर महिलांची बैठक संपली. सगळ्या निघाल्या, एक बाई मात्र मागे राहिली. हळूच म्हणाली, "ताई, तो दारू पिऊन मारायला आला अन् मी कोयता उचलला, तर तुरुंगात मलाच जावं लागंल का?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. डिप्लोमा घेऊन नुकतीच कामाला लागले होते, तेव्हा अशाच एका बहिणीला "सोसून घे, प्रार्थना कर" असे सांगून मी घरी पाठवले होते. दोन महिन्यांनी ती भेटली तेव्हा तिचा हात प्लास्टरमध्ये होता. तो सल्ला मी आता कोणालाही देत नाही. म्हणून या वेळी कायदा काय म्हणतो ते नीट पाहू.

1. हक्क आहे, पण मापात

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाविषयी आहेत. आपले शरीर वाचवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि मारणारा नवरा असला म्हणून तो कमी होत नाही. पण बचावाला लागेल तेवढाच मार देता येतो. थपडेला कोयता हे उत्तर कायद्यात बसत नाही. मरणाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, ॲसिड फेकले जात असेल, तर मात्र समोरच्याचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही.

पोलिसांकडे जाण्याइतका वेळ होता, तर हा हक्क उरत नाही. डोंगरातल्या पाड्यावर मध्यरात्री तो वेळ नसतो, हे न्यायालयापुढे मांडता येते.

2. धोका असेपर्यंतच

भीती सुरू होते तेव्हा हक्क सुरू होतो, आणि भीती संपली की तोही संपतो. निर्गमातही हाच भेद आहे. रात्री घर फोडताना चोर मारला गेला तर दोष नाही. सूर्य उगवल्यावर मारला तर आहे.

कठीण जागा इथेच आहे. दहा वर्षे मार खाल्लेली बाई नवरा झोपल्यावर हात उचलते. तिच्या मनात धोका संपलेला नसतो; कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या क्षणी हल्ला चालू नसतो. अचानक चिडून हातून घडले, असे म्हणावे तर तिथेही वेळ मोजला जातो. मुंबईतील 1959 चे नानावटी प्रकरण घरच्या मारहाणीचे नव्हते. पण राग आल्यापासून गोळी झाडेपर्यंत सुमारे तीन तास गेले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1961 मध्ये अचानक प्रक्षोभाचा बचाव मानला नाही.

मग सोसलेली वर्षे वाया जातात का? नाही. आसाममध्ये नवरा लाकडाने मारत असताना एका स्त्रीने तेच लाकूड हिसकावून त्याला मारले व तो मेला. तिने सोसलेला छळ पाहून गुवाहाटी उच्च न्यायालयाने 2013 मध्ये हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध ठरवला. गुन्हा हलका झाला, पण ती निर्दोष ठरली नाही.

3. ती रात्र येण्याआधी

स्वसंरक्षण दाखवण्याचा भार आरोपीवर असतो. म्हणून मार लागला की सरकारी दवाखान्यात जावे, कोणी मारले ते सांगावे, केसपेपर जपून ठेवावा. पोलिसांसाठी 112, महिलांच्या मदतीसाठी 181. कौटुंबिक हिंसाचार कायदा 2005 चा आहे. त्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयात अर्ज करता येतो. न्यायालय मारहाणीला मनाई करू शकते, नवऱ्याला घराबाहेर राहायलाही सांगू शकते. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला वकील मोफत मिळतो. उत्पन्नाची अट नाही.

4. दावीदाने काय केले?

शौलाने भाला फेकला तेव्हा दावीद तिथे सोसत बसला नाही. तो निसटला, आणि मीखलने त्याला खिडकीतून उतरवले. पुढे शौल झोपलेला सापडला, भाला त्याच्या उशाशी रोवलेला होता. अबीशय म्हणाला, एका घावात संपवतो. दावीदाने त्याला अडवले, भाला तेवढा घेतला आणि दूर गेला.

पळून जाणे म्हणजे अविश्वास नव्हे. पण दावीदाला मीखल होती. आमच्या पाड्यावरच्या बहिणीला खिडकी कोण उघडणार? रात्री अकराला ती दार वाजवील, तेव्हा "उद्या पाळकांशी बोलू" म्हणून आपण तिला परत पाठवले, तर तिला कोयत्याकडे ढकलण्यात आपलाही हात असेल.

त्या बाईला मी सांगितले, "कोयता उचलायची वेळ येण्याआधी माझ्याकडे ये." आणि माझा नंबर तिच्या शेजारणीकडेही लिहून दिला.

विचारासाठी प्रश्न
1. आपल्या मंडळीत "सोसून घे" असे आपण कोणाला सांगितले आहे का?
2. रात्री आश्रय देऊ शकतील अशी दोन घरे आपल्या गावात कोणती?

प्रार्थना: बंद दारामागे मार खाणाऱ्या बहिणींसाठी, त्यांच्या लेकरांसाठी, आणि मारणाऱ्या हातांचे मन पालटावे म्हणून.