तापलेली मोटर पुन्हा सुरू होते. पण ओढत का नाही?

कोकणातील खाड्यांत लहान होड्यांच्या मागच्या बाजूला टांगलेली आउटबोर्ड मोटर तुम्ही पाहिली असेल. समजा, अशी मोटर अतिशय तापून बंद पडली. निवल्यावर ती सुरू झाली, मंद गतीने नीट चालली. पण वेग वाढवताच तिचा दम गेला. ओहोटीचा प्रवाह जोरात असताना खाडीच्या मुखाशी असे झाले, तर ते जिवावर बेतू शकते. मग दोष शोधायचा कसा?

प्रथम मोटर थंड कशी राहते ते पाहू. पेट्रोलच्या ज्वलनातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाव भागच उपयोगी पडतो. उरलेल्या उष्णतेपैकी बरीच धुराबरोबर जाते आणि बाकीची पाण्याला वाहून न्यावी लागते. मोटरच्या खालच्या भागात रबरी पात्यांचा एक पंप असतो. तो खाडीचे पाणी वर चढवून सिलिंडरभोवती खेळवतो. त्यातलेच थोडे पाणी बारीक धारेने बाहेर पडताना दिसते. पाती झिजली, पाणी शिरण्याच्या जाळीवर प्लॅस्टिकची पिशवी अडकली किंवा मिठाच्या थराने वाटा चोंदल्या, की ही धार मंदावते.

आता थोडे गणित करू. पिस्टन ॲल्युमिनियमचा व सिलिंडरचे अस्तर लोखंडाचे आहे, दोहोंचा व्यास ७० मि.मी. आहे आणि दोन्ही १०० अंश सेल्सिअसने जास्त तापले, असे माना. दर अंशाला ॲल्युमिनियम दशलक्षांश २३, तर लोखंड सुमारे १२ भाग प्रसरण पावते. म्हणून पिस्टनचा व्यास ०.१६ मि.मी.ने वाढतो, सिलिंडरचा मात्र ०.०८ मि.मी.नेच. दोहोंमधली फट मुळात मि.मी.च्या काही शतांशांचीच! ती नाहीशी होते, पिस्टन घासतो, ओरखडे पडतात आणि पिस्टनवरची कडी खाचेत अडकून बसतात. मोटर निवली तरी हे ओरखडे भरून येत नाहीत. तेथून वायू निसटतो, दाब घटतो आणि शक्ती कमी पडते.

मग मंद गतीला दोष का जाणवत नाही? कारण पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट, तर शक्ती सुमारे आठपट! थोड्या शक्तीची गरज दुबळे इंजिनही भागवते.

आता तपासणीचा क्रम सहज ठरतो. आधी पाण्याची धार पाहा. आजच्या अनेक मोटरी तापमान वाढताच आपल्या फेऱ्या आपणच कमी करतात; तसे असेल तर दोष पाण्याच्या वाटेत आहे. धार ठीक असेल, तर जाणकाराकडून सर्व स्पार्क प्लग काढून, ठिणगी बंद ठेवून, प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. एकाचा दाब इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक कमी भरला, तर तो सिलिंडर संशयास्पद. शेजारचे दोन्ही कमी भरले, तर त्यांमधले गॅस्केट फुटले असण्याचा संभव असतो. दाब सर्वत्र सारखा व पुरेसा असेल, तरच पेट्रोल आणि ठिणगीकडे वळावे.

नुसता पंप बदलून भागत नाही, हे आता तुमच्या लक्षात आले असेल. पंप हे तापण्याचे कारण. झिजलेला सिलिंडर हा त्याचा परिणाम. दोन्ही तपासल्याशिवाय होडी खोल पाण्यात नेऊ नये.

जाता जाता एक प्रश्न: पिस्टनचा व्यास ९० मि.मी. असता, तर याच तापमानवाढीने फट कितीने कमी झाली असती?