यादी संपली, बिल निघालं नाही

माझं गाव राजुरी. कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा ओलांडून पुढे गेलं की लागतं. पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी दूध संकलनाच्या ॲपवर काम करत होतो. तिथे दोन आठवड्यांच्या प्रत्येक स्प्रिंटचं ध्येय वरून ठरून यायचं: ‘एसएमएस पूर्ण करणे, दरपत्रकाची स्क्रीन बदलणे, कपातीचा फॉर्म देणे, छपाई सुरू करणे.’ शेवटच्या दिवशी बोर्डावरची झाडून सगळी तिकिटं ‘डन’मध्ये जायची आणि डेमोला टाळ्या पडायच्या.

सुट्टीला गावी आलो तेव्हा संकलन केंद्रावरचे तात्या म्हणाले, “दिसायला बरंय रे बाळा, पण बिल मी वहीवरूनच काढतो.”

कारण शोधलं तेव्हा उलगडा झाला. दुधातल्या फॅट-एसएनएफवरून (स्निग्धांश आणि इतर घन घटकांवरून) दर काढणं, पशुखाद्याची उधारी आणि उचल वजा करणं, पावती छापणं ही कामं वेगवेगळ्या लोकांनी आपापली चोख केली होती. पण एका शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल पहिल्या लिटरपासून हातात पडणाऱ्या रकमेपर्यंत कुणी काढूनच पाहिलं नव्हतं. ते कुणाच्याच तिकिटावर नव्हतं.

म्हणून नव्या टीमना माझं कळकळीचं सांगणं आहे: कामांच्या यादीला ध्येय म्हणू नका. ‘या केंद्रावर १ ते १० तारखेचं बिल वही न उघडता निघेल’ हे ध्येय झालं. त्यात माणूस आहे, त्याचं अडलेलं काम आहे, आणि जमलं की नाही हे केंद्रावर उभं राहून बघता येतं. मी एक कसोटी लावतो. यादीतलं एखादं किरकोळ काम गळालं तरी ध्येय गाठता येईल का? एक तिकीट राहिलं की ध्येयच बुडत असेल, तर बहुधा ती यादीच आहे.

केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या स्क्रम गाइडच्या नोव्हेंबर २०२०च्या आवृत्तीत स्प्रिंट गोल, म्हणजे स्प्रिंटचं ध्येय, ही स्प्रिंट बॅकलॉगची (स्प्रिंटसाठी घेतलेल्या कामांच्या यादीची) बांधिलकी मानली आहे. काम अंगावर आलं तर प्रॉडक्ट ओनरशी बोलून व्याप्ती कमी करायची, ध्येयाला धक्का लावायचा नाही. रोजच्या बैठकीतले ‘काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय’ हे ठरावीक तीन प्रश्नही त्या आवृत्तीतून गेले. आम्ही पुढे एकच विचारू लागलो: तात्यांचं बिल निघायला अजून काय अडतंय? बैठक लहान झाली, आणि छपाईवाला आपणहून कपातवाल्याशेजारी जाऊन बसला.

स्प्रिंटमधलं प्रत्येक काम ध्येयातच बसवायचा हट्ट मात्र धरू नका. पहाटे केंद्रावर वजनकाटा ॲपशी बोलेनासा झाला तर ते आधी बघावंच लागतं. त्यासाठी हात मोकळे ठेवा. आणि तारखांकडे बघा. आमचा स्प्रिंट दोन आठवड्यांचा, बिल दहा दिवसांचं. त्यामुळे डेमो बहुतेक वेळा बिलाच्या अधेमधे यायचा आणि खरी परीक्षा राहून जायची. ज्यांच्यासाठी बनवता त्यांच्या कामाची फेरी कधी पूर्ण होते ते आधी विचारा, मग ध्येय लिहा.

ध्येय मध्येच निरर्थकही होतं. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान सुरू केलं. त्यासाठी गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि शेतकऱ्याचं बँक खातं यांची माहिती भरायची होती. अशा आठवड्यात केंद्रावर दुसरं काही कुणाला सुचत नाही. तेव्हा जुनं ध्येय रेटत बसू नये. स्प्रिंट रद्द करण्याचा अधिकार स्क्रममध्ये फक्त प्रॉडक्ट ओनरला आहे. त्याला त्याच दिवशी केंद्रावरून फोन लावा.