कच्चे सोयाबीन आणि काकांची खातेवही

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने कोंबड्यांच्या खाद्यावर लिहावे याचे नवल वाटेल. पण काकांच्या ब्रॉयलर शेडची खातेवही मीच लिहितो. तेथे खर्चाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खाद्याचाच. तो वाचवण्यासाठी काकांनी एकदा पेंडीऐवजी (आमचे कन्नड शेजारी तिला ‘हिंडी’ म्हणतात) घरचे सोयाबीन कच्चेच भरडून घातले. पोती रिकामी होत गेली, पिल्ले मात्र वाढेनात.

कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनरोधक द्रव्य असते. ते प्रथिनांचे पचन अडवते. पिल्लाचे स्वादुपिंड मोठे होते, वजन तेवढे वाढत नाही. उष्णतेने हे द्रव्य निकामी होते. सोयाबीन शिजवले की ते अंगी लागते, हे ऑसबॉर्न व मेंडेल यांनी १९१७ मध्येच उंदरांवर दाखवले होते. म्हणून कारखान्यात तेल काढल्यावर पेंड वाफेवर भाजतात. मात्र ती करपली तर त्यातील लायसीन साखरेशी बांधले जाते व वायाच जाते.

परीक्षा सोपी आहे. युरियाच्या पाण्यात भरड भिजवून झाकून ठेवावी; अमोनियाचा वास सुटला तर ती कच्ची. काकांच्या भरडीचे झाकण काढताच डोळ्यांना पाणी आले.

“हे आधी का नाही सांगितलंस रे?” काका म्हणाले.

मी आधी फक्त पेंडीचा भाव पाहिला होता. तो तोटा ‘खाद्य’ या खात्यालाच नावे टाकला.