पालापाचोळ्याची हजेरी

चीनच्या युन्नान प्रांतात आयलाओशान नावाचं ६७७ चौरस किलोमीटरचं राखीव जंगल आहे. तिथल्या १६३ वनरक्षकांना एकदा एक अजब काम लागलं. गस्त नेहमीचीच घालायची, पण जळू दिसली की झटकून न टाकता छोट्या नळीत भरायची. तीन महिन्यांत ३०,४६८ जळवा जमल्या. त्यांनी कुणाकुणाचं रक्त प्यायलं होतं ते पोटातल्या डीएनएवरून शोधलं, तेव्हा सस्तन प्राणी, पक्षी, बेडूक, साप-सरडे अशा ८६ जातींचा माग लागला. खालच्या उतारांवर गायी, शेळ्या, मेंढ्या जास्त. सांबर, काळं अस्वल वरच्या दाट रानात. हा अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आला. आंबोली-कोयनेच्या पावसात पायाला मीठ नाही तर तंबाखू चोळून चालणाऱ्यांनी आजवर किती नोंदी झटकून टाकल्या, याचा हिशेब न केलेला बरा.

आता ‘मला असलं काहीतरी शिकायचंय’ असं बारावीतल्या लेकीनं जाहीर केलं, तर घरात काय होतं? आईची पोळी तव्यावर जरा जास्तच भाजते. बाबा मोबाईल खाली ठेवतात. ‘जळवा गोळा करायला सायन्स घेतलंस का?’ आणि मग खरा प्रश्न: ‘पगार किती?’ दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फक्त त्यांची उत्तरं याच क्रमानं द्यावी लागतात, कारण काम काय हे कळल्याशिवाय पगाराचं गणित उमगत नाही.

प्रत्येक जीव जाता-येता काहीतरी मागे टाकतो. कात, केस, लाळ, विष्ठा, परागकण, कुजलेलं मूळ. त्यातला डीएनए मातीत, पाण्यात, हवेतसुद्धा काही काळ टिकतो. जीव न पकडता, न पाहता या उरल्यासुरल्या डीएनएवरून तिथे कोण आहे ते ओळखायचं, याला पर्यावरणीय डीएनए किंवा ई-डीएनए म्हणतात. फ्रान्समधल्या तळ्यांत घुसलेला अमेरिकन बुलफ्रॉग २००८ मध्ये नुसत्या पाण्याच्या नमुन्यांवरून ओळखला गेला आणि या विषयाला तोंड फुटलं. २०१२ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी मातीची परीक्षा घेतली, तीही सफारी पार्कांत आणि प्राणिसंग्रहालयांत. तिथे कोणते प्राणी आहेत हे आधीच माहीत असतं, त्यामुळे माती खरं सांगते की नाही ते पडताळता येतं. माती बऱ्यापैकी खरं बोलली.

यातलं मुख्य यंत्रतंत्र पालकांच्या ओळखीचं आहे. कोविडच्या काळात नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर चाचणी व्हायची, तिच्यातलंच पीसीआर इथेही वापरतात. कॅरी म्युलिस यांना ते १९८३ मध्ये सुचलं आणि १९९३ मध्ये त्यांना त्याबद्दल रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढायच्या, एवढंच ते करतं. तुकडा मात्र पाहुण्यागणिक बदलतो. बुरशीसाठी आयटीएस, बॅक्टेरियासाठी १६एस, पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठी बहुधा १२एस, कीटकांसाठी सीओआय. या सगळ्या प्रती मग सिक्वेन्सर नावाच्या यंत्रात वाचल्या जातात.

जंगलातलं काम शेतकऱ्याच्या घरातल्या पोरांना तर फारच ओळखीचं वाटेल. एस्टोनियाच्या लेहो टेडरसो यांच्या गटानं २०१४ मध्ये जगभरच्या ३६५ ठिकाणच्या मातीतल्या बुरशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येक ठिकाणी ५ सेंटिमीटर रुंदीच्या नळीनं ५ सेंटिमीटर खोलीचे ४० नमुने काढायचे, एकत्र कालवायचे, मुळं-खडे वेचून टाकायचे, वाळवून पूड करायची. माती परीक्षणासाठी शेतात नागमोडी फिरून, नमुने मिसळून, चार भाग करत कमी करत आणतात, त्याचंच हे भावंड. फरक सोवळ्याचा. इथे दर ठिकाणी हातमोजे बदलायचे, नळी ब्लीचनं धुवायची, कपाळाचा घाम पिशवीत पडू द्यायचा नाही.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर माती हट्ट करते. कुजक्या पानांतून काढलेला अर्क कोऱ्या चहासारखा तांबूस येतो. तो रंग ह्युमिक आम्लांचा, आणि तीच आम्लं पीसीआर बंद पाडतात. सकाळभर खपून शेवटी पडद्यावर काहीच उमटत नाही. मग अर्क पुन्हा गाळायचा, पातळ करायचा, परत लावायचा. प्रत्येक खेपेला सोबत एक मोकळी नळीही चालवतात, तिच्यात मातीचा कणही नसतो. तिच्यातून काही निघता कामा नये. कधी तिच्यातून कोंबडी निघते, कधी गाय, कधी खुद्द माणूस. म्हणजे कुठेतरी हात चुकला, किंवा विकत आणलेलं रसायनच शुद्ध नव्हतं. अशा दिवशी न चिडता पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्या मुलांनी या वाटेला यावं. फक्त वाघाचे फोटो काढायची हौस असेल, तर त्यासाठी दुसरे रस्ते आहेत.

ही हजेरी आहे, शिरगणती नव्हे, हेही मुलांना आधीच सांगितलेलं बरं. नमुन्यात सांबराचा डीएनए सापडला म्हणून सांबरं किती, नर की मादी, जिवंत की मेलेली, हे सांगता येत नाही. मातीत तर हजेरीपटावर जुनी नावंही राहून जातात. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएपैकी सरासरी ४० टक्के मेलेल्या, फुटलेल्या पेशींचा निघाला. त्यामुळे कॅमेरा ट्रॅप, पाऊलखुणा, रात्री बेडकांचे आवाज ऐकत फिरणं, यांतलं काहीही रद्द होत नाही.

आणि खरी अडचण पुढेच आहे. यंत्र डीएनएची अक्षरं वाचतं. नाव त्याला ठाऊक नसतं. नाव मिळतं ते आधी कुणीतरी तो जीव हातात घेऊन ओळखला असेल, त्याचा डीएनए वाचून जागतिक संग्रहात ठेवला असेल तरच. बुरशीच्या जाती जगात २२ ते ३८ लाख असाव्यात असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. नाव मिळालेल्या जाती दीड लाखाच्या आसपास. उरलेल्या सगळ्यांची हजेरी ‘अनोळखी’ या रकान्यात. सह्याद्रीतलं उदाहरण घ्या. ओल्या पालापाचोळ्याखाली, दगडाखाली राहणारं देवगांडूळ दिसतं गांडुळासारखं, पण असतं बेडकाच्या नात्यातलं. आंबोलीच्या एका देवगांडुळाला २००३ मध्ये ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ हे नाव मिळालं. तोवर ते तिथेच होतं, फक्त कुठल्याही यादीत नव्हतं. चिखलात गुडघे टेकून दगड उलथणारी, सापडलेला जीव भिंगाखाली तपासणारी माणसं नसतील, तर लाखोंचा सिक्वेन्सर बिननावाची यादी छापत बसेल.

म्हणून या क्षेत्रात तीन स्वभावांच्या मुलांना जागा आहे. एक रानात रमणारं, किडे-बुरशी-बेडूक ओळखणारं. दुसरं हातानं नेटकं, पिपेट घेऊन तासन्‌तास बसणारं. तिसरं संगणकावरचं, कारण एका सर्वेक्षणातून लाखो ओळींचा डेटा येतो आणि तो एक्सेलमध्ये मावत नाही. लिनक्स, आर, पायथन लागतंच. तिन्ही गुण एकाच मुलात असावेत अशी अपेक्षा करू नये. पण एक पक्कं आणि बाकी दोन्हींची तोंडओळख, एवढं तरी हवं.

इथेच आपल्याकडची एक सवय नडते. नीटच्या तयारीसाठी अकरावीतच गणित सोडून देतात. पुढे नीटमध्ये मार्क कमी पडले की आयसर या विज्ञान संस्थांची आठवण होते. आयसरच्या प्रवेश परीक्षेला गणित सोडलेल्यांनाही बसता येतं, पण प्रश्न भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि गणित या चारही विषयांचे असतात. शिवाय या कामाचा निम्मा भाग संख्याशास्त्र आहे. झेपत असेल तर गणित ठेवावं.

रस्ते बरेच आहेत. बारावीनंतर पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांत पाच वर्षांचा बीएस-एमएस. नेस्ट परीक्षेतून भुवनेश्वरचं नायसर किंवा मुंबईचं सीईबीएस. नाहीतर जवळच्या कॉलेजात प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी. त्यात कमीपणा काही नाही. त्यानंतर जॅम किंवा गॅट-बी परीक्षा देऊन एमएस्सी. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधता या विषयात एमएस्सी करता येतं. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बेंगळुरूचं एनसीबीएस इथे वन्यजीवशास्त्राची एमएस्सी आहे, पण जागा अगदी मोजक्या. गेटमध्ये ‘इकॉलॉजी अँड इव्हॉल्यूशन’ हा स्वतंत्र पेपर असतो, हे कित्येक शिक्षकांनाही माहीत नसतं.

आता पगार. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली की पीएचडी करताना महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा. इंजिनिअरिंगच्या कॅम्पस प्लेसमेंटशी तुलना केली तर हे उशिरा आणि कमी आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. ‘ई-डीएनए तज्ज्ञ पाहिजेत’ अशा जाहिरातींचा आपल्याकडे पाऊस पडत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ पासून क्रेस्टेड न्यूट हा संरक्षित उभयचर तळ्यात आहे की नाही, हे दाखवायला ई-डीएनएचा पुरावा सरकारी पातळीवर चालतो. त्यामुळे तिथे बांधकाम व्यावसायिकही तळ्याचं पाणी तपासायला पाठवतात आणि नेचरमेट्रिक्ससारख्या कंपन्या उभ्या राहतात. भारतात पर्यावरण मंजुरीसाठी ई-डीएनएची सक्ती नाही. मंजुरीचे अहवाल करणाऱ्या सल्लागार संस्थांना परिसंस्था आणि जैवविविधता या विषयाचा मान्यताप्राप्त तज्ज्ञ मात्र ठेवावा लागतो. हैदराबादच्या सीसीएमबीच्या लॅकोन्स या केंद्रात ई-डीएनएवर काम चालतं. भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, वनस्पती सर्वेक्षणाचंही पुण्यातच. आणि हीच पिपेट, हाच कोड रोगनिदान प्रयोगशाळा, बियाणे कंपन्या, अन्न तपासणी, वन्यजीव गुन्ह्यांचा तपास यांतही चालतो. घरच्यांना धीर द्यायचा तर याच मुद्द्यावर द्यावा.

पोरानं आजपासून काय करावं? घरामागच्या आंब्याखालचा पाला एका पांढऱ्या ताटात झाडून पाहावा आणि चिमटा-भिंग घेऊन त्यातले आठ पाय, सहा पाय, शंभर पाय वेगळे करावेत. जंगलातून मात्र स्वतःच्या मनानं माती आणू नये. अभयारण्यातल्या नमुन्यांना वनखात्याची परवानगी लागते, आणि परदेशी प्रयोगशाळेला पाठवायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आड येतात.

आईबाबांनी कॉलेज बघायला जाताना इमारतीचे फोटो काढण्याऐवजी तिथल्या एखाद्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कँटीनमध्ये गाठावं. पीसीआर मशीन काचेच्या कपाटात आहे की टेबलावर? गेल्या वर्षी फील्डवर किती दिवस नेलं? आणि मोकळ्या नळीतून कोंबडी निघाली, तेव्हा सर काय म्हणाले?