खानदेशची इतिहाससाधने : अंकीकरण आणि अर्थसाहाय्य

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले आणि १९२७ मध्ये त्याच गावी राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना झाली. त्यामुळे त्यांनी जमविलेल्या साधनांचा महत्त्वाचा संग्रह पुण्याबाहेर, खानदेशात राहिला. अशा प्रादेशिक संग्रहांच्या अंकीकरणाचा विचार करताना निधी किती मिळतो याइतकाच तो कशासाठी मिळतो, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

२००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने हस्तलिखिताची व्याख्या करताना ज्ञानविषयक आशय असलेले, किमान ७५ वर्षे जुने लेखन गृहीत धरले. फर्माने, महसुली कागद यांसारखी साधने हस्तलिखितांहून वेगळी मानली. ग्रंथसंपदेच्या दृष्टीने हा भेद समजण्याजोगा आहे. परंतु प्रदेशाचा इतिहास पोथीपेक्षा वतनपत्रे, महजर, निवाडे आणि जमाखर्च यांतच अधिक सापडतो. पोथीसाठी आखलेल्या योजनेत दप्तराला स्थान मिळतेच असे नाही.

दुसरी अडचण अंदाजपत्रकाची आहे. पृष्ठसंख्येवर खर्च आकारला की प्रतिमा तयार होतात, नोंदी होत नाहीत. मोडीत शब्द सलग लिहिले जातात, ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. कालनिर्देशही सरळ नसतो. कागदावर ‘सीत सबैन मया व अलफ’ असे असेल, तर ते सुहूर सन ११७६, म्हणजे इ. स. १७७५-७६, हे जाणकारालाच कळते. ही नोंद नसेल तर त्या प्रतिमेपर्यंत अभ्यासक पोहोचणार कसा? रुमालात बांधलेला कागद संगणकात बांधला गेला, एवढाच फरक पडेल.

ब्रिटिश लायब्ररीच्या २००४ पासूनच्या ‘एंडेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्राम’मध्ये मूळ साधने त्यांच्या देशातच ठेवण्याचे तत्त्व आहे आणि प्रतिमांसोबत वर्णनात्मक यादीही अपेक्षित असते. हा दंडक अनुकरणीय आहे. २०२५ मध्ये घोषित झालेल्या ज्ञान भारतम् मिशनमुळे निधीचा प्रश्न नव्याने चर्चेत आला असताना प्रस्ताव सादर करणाऱ्या संस्थांनी मोडीवाचकाचे मानधन हे स्वतंत्र शीर्ष म्हणून मागावयास हवे. मराठी विभागांचे कार्यही येथेच सुरू होते. कारण यंत्र विकत घेता येते, वाचक मात्र घडवावा लागतो.